लक्ष्मणरावांच्या फोटोतल्या सात चुका

२ फेब्रुवारी २०२५, सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. मोठ्या फोटोग्राफर लोकांची प्रोसेस कुठेतरी लिहिलेली असते. माझी नाही, हा अन्याय आहे. डायरी दुकानातलीच, भांडी कंपनीने दिलेली. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात कुकर छापला आहे. चालेल.

संकल्प. रोज एक फोटो. गुढीपाडव्याला आमच्या 'नजर' ग्रुपचं कारंज्यात प्रदर्शन आहे, त्यात माझे किमान चार. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ग्रुपवर प्रामाणिक फीडबॅक. कुणाचं मन राखायचं नाही.

ग्रुपमध्ये एकतीस जण. शिक्षक, दुकानदार, दोन-तीन शेतकरी, एक कंपाउंडर. कुणी काहीही टाको, खाली वीस अंगठे आणि 'वा दादा'. यानेच माणूस बिघडतो. मी तीन तासांचा ऑनलाइन कोर्स केला आहे, 'छायाचित्राची समीक्षा'. सर्टिफिकेट गल्ल्याच्या वर लावलं आहे. जबाबदारी येतेच.

६ फेब्रुवारी

रोज एक फोटो: पाच दिवसांत एक. लग्नसराई आहे, गिऱ्हाईक सोडवत नाही. फोटो स्टीलच्या हंड्याचा. हंड्यात मीच उमटलो, पोट फार मोठं. सेल्फ-पोर्ट्रेट म्हणून ठेवला.

९ फेब्रुवारी, रविवार

फीडबॅकचा वार. आज समाधान आहे.

लक्ष्मणराव म्हणून एक सभासद आहेत. आष्टीकडच्या एका खेड्यात मिरची-वांगी करतात. सत्तरीला आलेले. डिसेंबरात ग्रुपवर आले, तेव्हापासून फक्त गुलाबाची फुलं आणि 'शुभ सकाळ'. आज पहिल्यांदा स्वतःचा फोटो टाकला. अंगणात लाल मिरच्या वाळत घातलेल्या. मधोमध हिरव्या लुगड्यातली एक बाई, बसते आहे की उठते आहे कळत नाही. पाठ आपल्याकडे. डोकं वरून कापलेलं. एक हात मागे, कॅमेऱ्याच्या दिशेने, तोही हललेला. कोपऱ्यात बादली. खाली लिहिलं: 'आमची मंडळी. फोटो काढू देत नाई.'

मी अर्धा तास दिला. फोटोवर लाल गोल केले, एक ते सात आकडे टाकले, प्रत्येक आकड्याची चूक खाली लिहिली. शेवटी सर्वांसाठी नियम: खराब फोटो जवळ ठेवू नये, डिलीट केल्यावर मोबाइलच्या बिनमधूनही काढावा. मोबाइल साफ, नजर साफ.

१०.४० ला पाठवलं. त्यानंतर ग्रुपवर एकही अंगठा नाही. पूर्ण शांतता. गंभीर समीक्षेचा असा परिणाम होतो.

अकरा वाजता लक्ष्मणरावांचं उत्तर: 'बरं भाऊ. काढून टाकला.' ग्रुपवरूनही उडवला. असे विद्यार्थी पाहिजेत. मीही माझ्याकडचा मूळ फोटो उडवला, तत्त्व म्हणजे तत्त्व. लाल खुणांचाही ग्रुपवरून काढून घेतला, फक्त माझ्याजवळ ठेवला, पुढेमागे वर्कशॉप घेतलं तर उदाहरण म्हणून.

१० फेब्रुवारी

गोपिकाने मोबाइलवर तो पाहिला. विचारलं, एवढं लाल काऊन केलं, थे बाई हासून राह्यली. मी म्हटलं, चेहराच नाही तर हसणं दिसलं कुठून. म्हणाली, पाठीवरून समजते.

बायकोशी तांत्रिक चर्चा बंद.

१६ फेब्रुवारी

आज स्वतःचा फोटो टाकला. हायवेवरच्या ढाब्यासमोर एका रांगेत उभे नऊ ट्रक. क्षितिज सरळ, फोकस धारदार. सतरा जणांचे अंगठे. वैभवने (लग्नाचे फोटो काढतो, सर्टिफिकेट नाही) लिहिलं: 'शार्प आहे भाऊ. पण पाहून काही होत नाई.'

मी लिहिलं, मोकळ्या मनाने स्वीकारतो. दिवसभर तोच विचार. एका बाईला परात द्यायची ती पातेलं दिलं. वैभवच्या गेल्या वर्षाच्या सगळ्या फोटोंतल्या चुका काढायला घेतल्या. एकोणचाळीस झाल्या. पाठवणार नाही. मोठेपणा.

२३ फेब्रुवारी

रीताताईंचा मेसेज. त्या शाळेत शिकवतात, ग्रुप त्यांनीच काढला. लक्ष्मणरावांच्या घरच्या, आनंदाबाई, गुरुवारी गेल्या. दिवाळीपासून किडनीचं होतं. तेरवी ४ मार्चला.

मी हात जोडल्याचं चित्र टाकलं. वाईट वाटलं. आजारी माणूस जातं. याचा आणि फोटोचा संबंध नाही. नोंद असावी म्हणून लिहितो: संबंध नाही.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

देवळाबाहेरच्या रांगेचे साठ फोटो. घरी येऊन पाहिले. साठातल्या एकाही फोटोत कुणी माझ्याकडे पाहत नाही. रांग आहे, पाठच दिसणार. तरी साठात एक तरी वळायला हवा होता.

४ मार्च

तेरवीला जाऊन आलो. रीताताई, वैभव, मी. वैभवची गाडी.

भिंतीवर आनंदाबाईंचा फोटो होता. आधारकार्डावरचा, मोठा करून. आधारवरचा फोटो एवढा मोठा केला की माणसाचं काय होतं ते लिहीत नाही. डोळे मोठे, घाबरलेले. कुणाचीही बाई असू शकते.

पंगतीत कुणा पाहुण्याने विचारलं की दुसरा फोटो नव्हता का. लक्ष्मणराव वाढत होते. म्हणाले, "एक होता. मीच काढलता. पन थो बराबर नोता, त्यातले जानकार लोक म्हनले. काढून टाकला." माझ्याकडे न पाहता म्हणाले. आवाजात राग नव्हता. मग माझ्या पानात बुंदी वाढली.

मी खाल्ली. फार गोड होती.

परतताना तळेगावला वैभव म्हणाला की टायरमध्ये हवा कमी वाटते.

५ मार्च

संकल्प: विचार करायचा नाही.

सकाळी दुकानात हिरव्या साडीतली एक बाई, पाठमोरी, वरच्या फळीवरचे डबे पाहत होती. मी गल्ल्यावरून उठून उभा राहिलो. वळली तर शेजारच्या शकुंतलाबाई. म्हणाल्या, असे का पाहून राह्यले, उधारी मागत नाई मी.

८ मार्च

फोटो डोळ्यासमोरून जात नाही. सात आकड्यांसकट. डोळे मिटले की पहिल्यांदा आकडे येतात, मग बाई.

हे अतिसमीक्षेमुळे होतं. मेंदूला आराम हवा. उद्या ग्रुपची सहल आहे, गिरडला. निसर्ग.

९ मार्च

गिरड. टेकडी चढून वर दर्ग्यापर्यंत. हवा चांगली. एकशे चाळीस फोटो काढले. खाली येऊन झाडाखाली बसून पाहिले. तीन फोटोंत अगदी कडेला काहीतरी हिरवं. फ्रेममधून बाहेर जाताना पदराचं टोक राहावं तसं.

आचलला दाखवलं. कॉलेजात आहे, ग्रुपमध्ये सगळ्यात लहान, नजर चांगली. ती म्हणाली, काका, दर्ग्यावरची चादर असंल ना, हिरवीच असते.

बरोबर आहे. चादरच. तिसऱ्या फोटोत चादरीला हात असल्यासारखा दिसतो, तो झूम केल्यामुळे. लेन्समध्ये ओल शिरली असणार. नागपूरला साफ करायला पाठवतो.

कुणीतरी फीडबॅक मागितला. मी म्हटलं, आज लेन्स ठीक नाही.

१३ मार्च

लेन्स परत आली. सोबत चिठ्ठी: 'आत काहीच नाही. साफ आहे.'

हल्लीचे मेकॅनिक.

१५ मार्च

मार्ग सापडला. इतकं सोपं असून सुचलं नव्हतं. लाल खुणांचा फोटो माझ्याकडे आहेच. खुणा पुसायच्या आणि लक्ष्मणरावांना द्यायचा. प्रकरण समाप्त.

मूळ फोटो कुणाकडे असेल का, असं ग्रुपवर विचारता येईल. पण मग का हवा ते सांगावं लागेल. शिवाय सात चुका असलेला फोटो कोण ठेवतो. हा पर्याय बाद.

एक एआयचं अ‍ॅप घेतलं. पहिल्या प्रयत्नात लाल गेलं, सोबत हातही गेला. दुसऱ्यात हात आला, बोटं सहा. तिसऱ्यात अ‍ॅपने आपणहून विचारलं: चेहरा कॅमेऱ्याकडे वळवायचा का?

मी 'हो' दाबलं. बारा सेकंद चाक फिरलं.

बाई वळली.

पूर्ण डोकं, सरळ भांग, ठसठशीत कुंकू, एकसारखे दात. वय पस्तीसच्या आसपास. बादली गायब. क्षितिज सरळ. मिरच्या सुद्धा ओळीत. सातच्या सात चुका दुरुस्त. तांत्रिकदृष्ट्या निर्दोष फोटो आहे.

गोपिकाला दाखवला. तिने मोबाइल पालथा ठेवला. म्हणाली, हिले घरात ठेवू नका.

१७ मार्च

बारा बाय अठराचा प्रिंट, सोनेरी फ्रेम. फ्रेमवाल्याने विचारलं, आई का? नाही म्हटलं. बहीण? नाही म्हटलं. मग त्याने विचारणं सोडलं.

रविवारी आष्टीकडे जाईन. तोवर दुकानात, मागच्या फळीवर, भिंतीकडे तोंड करून.

१८ मार्च

सकाळी शटर उघडलं तर फ्रेमचं तोंड माझ्याकडे. गोपिका म्हणते, मी हातच नाई लावला. काल बंद करताना मीच एकदा पाहिली असेल आणि तशीच ठेवली असेल. असंच झालं असणार.

पुन्हा भिंतीकडे केली.

२० मार्च

आज मीच समोर केली. पाठ करून ठेवली की जास्त त्रास होतो. पाठ म्हटलं की दुसरी आठवते.

पण समोर केली की पाहते. गल्ल्यावर बसलो तरी, कुकरच्या रॅकमागे गेलो तरी. कॅमेऱ्यात पाहणारा सब्जेक्ट कुठूनही आपल्याकडे पाहतो, हे ऑप्टिक्स आहे, कोर्समध्ये होतं. एका म्हातारीने जाताना तिला नमस्कार केला. मूळ फोटोतली बाई कुणाकडेच पाहत नव्हती, आणि त्याला मी दुसरी चूक म्हटलं होतं.

२२ मार्च

उद्या. काय बोलायचं ते पाठ केलं. 'लक्ष्मणराव, ग्रुपच्या वतीने एक छोटीशी भेट.' माफीचं काही बोलायची गरज नाही. फोटोच बोलेल. ते रडतील कदाचित. मी खांद्यावर हात ठेवीन.

२३ मार्च, रविवार, संध्याकाळ

जे झालं तेच लिहितो.

अकराच्या सुमारास पोचलो. लक्ष्मणराव ओट्यावर वांगी निवडत बसले होते, किडकी एकीकडे, चांगली एकीकडे. मला ओळखलं. पाणी दिलं. मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं आणि फ्रेम दिली. त्यांनी धोतराला हात पुसले, फ्रेम उजेडात धरली. बराच वेळ पाहिलं.

"ही कोन होय, भाऊ?"

मी म्हटलं, आनंदाबाई.

पुन्हा पाहिलं. "नाई," म्हणाले. मी घर चुकलो आहे असं समजावून सांगावं तसं म्हणाले.

मी अ‍ॅप समजावलं. चेहरा कसा तयार होतो, क्षितिज कसं सरळ होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि फ्रेम माझ्या हातात परत दिली. "बाई चांगली हाय. पन आमची नोय."

मग दुसरं काहीच हातात नव्हतं. मोबाइल काढला आणि लाल खुणांचा दाखवला. ऊन होतं, स्क्रीनवर हाताची सावली धरली.

त्यांनी मोबाइल घेतला. पाहिलं आणि तिथेच वांग्यांमध्ये बसले. "हायच तर," म्हणाले. "हे पाहा. हायच." अंगठ्याने फोटो मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. मी उभाच होतो. थोड्या वेळाने विचारलं, हे लाल-लाल काय लिवलं हाय, चष्मा घरात हाय, वाचून दाखवा.

मी म्हटलं, राहू द्या, काही विशेष नाही.

"नाई, वाचा. त्या दिवशी मले नीट समजलंच नाई. पोरीनं वाचलं अन् म्हने का फोटो खराब हाय. येवढंच."

मी ओट्यावर बसलो आणि वाचलं.

"एक. डोकं कापलं गेलं आहे."

"थे उठून राह्यली होती ना. दवाखान्यातून आनल्यापासून पह्यल्यांदा कोनाचा हात न धरता उठली. मी मोबाइल वर करे करेपर्यंत उभी झाली."

"दोन. सब्जेक्टचं लक्ष कॅमेऱ्याकडे नाही."

"कवाच नोतं." हसले. "लग्नातल्या फोटोतबी खालीच पाह्यते. थो फोटो तर पान्यानं गेला."

"तीन. हात हललेला आहे."

"मले हाकलून राह्यली होती. मिरचीचाच हात. म्हने, मोबाइल ठेव, नाई तं डोळ्यात घालीन."

चौथी बादली. ती त्यांनीच तिथे ठेवली होती, तिला विहिरीकडे जाऊ द्यायचं नव्हतं म्हणून. पाचवी तिरपं क्षितिज. त्यावर त्यांनी जरा विचार केला, म्हणाले, मी हासून राह्यलो होतो, हाललं असंल. सहावी, रंग भडक. मिरच्या भडकच असतात.

मी थांबलो. म्हटलं, एवढंच.

"सातवा आकडा दिसते मले. आकडे वाचता येतात."

मी वाचलं. "सात. फोटो पाहून काही वाटत नाही."

त्यांनी मोबाइल माझ्याकडे दिला. एक वांगं उचललं, फिरवून पाहिलं, चांगल्यांत टाकलं.

"तुमाले नसंल वाटलं," म्हणाले.

मग आत जाऊन चहा घेऊन आले. स्वतः केला होता, साखर कमी पडली होती. मला कधीतरी माफी मागायची होती, पण चहा संपेपर्यंत ते मिरचीच्या भावाबद्दल बोलत राहिले. मी हो-हो म्हणत राहिलो. निघताना विचारलं, हे लाल निंगत नाई का? मी म्हटलं, नाही. म्हणाले, मंग तसाच पाठवून द्या. तिथेच उभं राहून पाठवला. त्यांच्या खिशात टिंग वाजलं.

फ्रेम मात्र घेतली नाही. "दुसऱ्याची बाई घरात कशी ठेवू, भाऊ?"

स्कूटरवर पायाशी उभी ठेवावी लागली. कारंजा येईपर्यंत ती माझ्याकडे पाहत होती, हसत.

२४ मार्च

दुकान उघडलं नाही. गोपिकाने विचारलं, काय म्हनले लक्ष्मणराव. मी सगळं सांगितलं, सातव्यासकट. फ्रेममधला कागद तिनेच काढला आणि चार घड्या घालून चुलीपाशी ठेवला. संध्याकाळी पाणी तापवताना गेला असेल, मी पाहायला गेलो नाही.

२७ मार्च

रीताताईंनी प्रदर्शनासाठी चार फोटो मागितले. ट्रक पुन्हा पाहिले. रांग पाहिली. हंडा पाहिला. वैभव म्हणाला ते खरं असू शकतं, अशी एक शक्यता नोंदवून ठेवतो.

कळवलं की यंदा माझे फोटो नाहीत. त्यांनी लिहिलं, बरं श्रावणभाऊ, मग खुर्च्या लावायला या.

३० मार्च, गुढीपाडवा

सकाळी सव्वाआठला ग्रुपवर लिहिलं. तीन वेळा खोडून चौथ्यांदा असं: 'लक्ष्मणरावांनी ९ फेब्रुवारीला टाकलेला मिरच्यांचा फोटो कुणाकडे आहे का? त्यांच्याकडे राहिला नाही. त्यांनी तो माझ्यामुळे काढला. मी लिहिलं ते चुकलं.'

वाटलं होतं, कुणाकडे नसणार. फार तर आचलकडे.

पाच मिनिटांत चौदा जणांनी पाठवला. चौदा वेळा तेच अंगण, त्याच मिरच्या, तीच उठणारी बाई, एकावर एक, लाल खुणेशिवाय. कंपाउंडरने पाठवला. ज्यांनी ग्रुपवर कधी तोंड उघडलं नाही अशा दोघांनी पाठवला. वैभवने मोठ्या साइजचा पाठवला, म्हणाला, त्याच दिवशी सेव्ह केलता.

मी रीताताईंना फोन केला. विचारलं, एवढ्या लोकांना आवडला होता तर त्या दिवशी कुणी काही लिहिलं का नाही?

त्या खुर्च्या मोजत होत्या. म्हणाल्या, "मी लिहीतच होते हो. मले फार आवडला होता. तेवढ्यात तुमचं आलं, सात मुद्दे अन् सगळं. मंग वाटलं, आपल्याले यातलं समजत नसंल."

फोन ठेवला. चौदांतला एक निवडला, सगळे सारखेच होते. लक्ष्मणरावांना पाठवला. खाली काय लिहावं याचा अर्धा तास विचार केला.

काही लिहिलं नाही. खुर्च्या लावायला गेलो.